मंगूची आंघोळ

बनुबाईला गोचीड डोळ्यांनी दिसत नसे, बोटांना लागे. मिरजगावच्या शिवारात, हायवे सोडून आत ओढ्याकडं गेलं की तिचं घर. सकाळचं दूध काढून झालं की ती पडवीत पाय पसरून बसायची आणि मंगू आपण होऊन तिच्या मांडीवर मान टाकायची. मग बनुबाईची बोटं कुत्रीच्या कानामागं, गळ्याखाली, बगलेत, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत फिरत जायची. केसांच्या मुळाशी काही टरटरलेलं लागलं की चिमटीत धरून सरळ वर ओढायची आणि शेजारच्या डब्यातल्या मिठाच्या पाण्यात टाकायची. मंगू हूं की चूं करायची नाही. उलट बोटं थांबली की पंजानं हात ओढायची.

मंगू घरी आणली ती सहादेवनं. सहादेव म्हणजे बनुबाईचा नवरा. सगळी उमर त्यानं डेअरीच्या दुधाचा टेम्पो चालवला. अंगातलं बळ ओसरलं तसं काम सोडलं, पण टेम्पो काही विकला नाही. एकदा हायवेवरच्या हॉटेलामागं उभ्या ट्रकखाली त्याला एक पिल्लू दिसलं, आंब्याच्या सालीसारख्या रंगाचं. त्यानं ते क्लीनरच्या सीटवर ठेवलं आणि घरी आणलं. पुण्याहून आलेल्या नातीनं, संस्कृतीनं, त्याचं नाव ठेवलं मँगो. बनुबाईच्या जिभेवर ते चढेना. तिची ती मंगूच झाली.

त्या वर्षी भादवा संपेस्तोवर पाऊस रेंगाळला आणि उघडीप पडली तशी गोचीड माजली. गाईंच्या कासेला, गोठ्याच्या भिंतीला, आणि मंगूच्या अंगावर तर जिथं हात लावावा तिथं. सकाळी साफ केलेली कुत्री संध्याकाळी पुन्हा भरलेली.

"अगं, दवापानी कर तिला काहीतरी," सहादेव म्हणायचा. "किती येचशील?"

"येचते की. माजे हात का झडल्यात?"

एक दिवस शेजारचे आप्पासाहेब आले. माणूस भला, अडीनडीला धावून येणारा. गाईंवर मारायच्या औषधाची अर्धी बाटली त्यांच्या हातात होती.

"वैनी, बादलीत झाकनभर टाका आन् पुसून घ्या कुत्रीला. माझ्या गाया बघा, कशा लख्ख झाल्यात."

"गाईची गोष्ट येगळी, भावजी."

"जनावर ते जनावर. गाईला चालतं ते कुत्र्याला न्हाई व्हय चालायचं?"

बनुबाईनं बाटली घेतली, उठली आणि फाटकाबाहेर कुंपणाच्या दगडावर नेऊन ठेवली. परत येऊन चहाचं आधण टाकलं. आप्पासाहेबांनी चहा घेतला, जाताना दगडावरची बाटली उचलली आणि गेले. सहादेवला ते लागलं.

"भला मानूस भलं सांगाय आल्ता. तोंडावर मारल्यागत बाटली भाईर ठिवलीस."

"माज्या दारात तसलं न्हाई पायजे," एवढंच ती म्हणाली.

ती असं का म्हणते, हे सहादेवला एवढ्या संसारात कधी कळलं नव्हतं. कुत्र्याला औषध म्हटलं की बायकोचा चेहरा दगडासारखा होतो एवढंच त्याला ठाऊक. त्यानं विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

बनुबाईचं माहेर जामखेडकडचं, कोरडवाहू. दिवाळी झाली की तिचे आईबाप बैलगाडीत संसार भरायचे आणि ऊसतोडीला संगमनेरकडं निघायचे, प्रवरेच्या काठाला. बनू तेव्हा सहासात वर्षांची, भाऊ पुंजाराम अंगावर पिणारा. आणि गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, भुऱ्या. मातकट रंगाचा, एक कान खाली पडलेला. जामखेडपासून प्रवरेपर्यंत तो कुत्रा गाडीच्या त्या सावलीतूनच चालत जायचा. सावली वळली की हाही वळायचा.

लोक त्या दिवसांना हालाचे म्हणतात, आणि हाल होतेच. पण बनुबाईला आठवायचं ते वेगळंच. उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत, पहाटे येणारा ओलसर गोड वास. गाड्या तोडीवर निघाल्या की एकामागं एक वाजत जाणाऱ्या घुंगरमाळा. नदीवरचं धुकं, आणि त्यात नुसती डोकीच तरंगल्यागत दिसणाऱ्या पाणी आणणाऱ्या बाया. फडात आईबाप ऊस तोडायचे, बनू मागं मोळ्यांना बंध पुरवायची, आणि बांधावरच्या बाभळीला बांधलेल्या झोळीत पुंजाराम निजायचा. झोळीखाली भुऱ्या. पोरगं रडलं की तो आधी झोळीकडं बघायचा, मग आईकडं, आणि तिचं लक्ष नसलं तर फडात घुसून तिचं लुगडं दातात धरून ओढायचा. "ह्यो माजा तिसरा," असं आई म्हणायची.

सांज झाली, चुली पेटल्या की आई भुऱ्याला पुढ्यात घ्यायची आणि गोचीड वेचायची. एका खापरात विस्तव असायचा. आईनं चिमटीतली गोचीड त्यात टाकली की बारीक 'फट्' वाजायचं आणि बनू हसायची. शेजारच्या कोप्यांतल्या बाया आपापली कामं घेऊन तिथंच यायच्या. कुणी डोकं विंचरायला, कुणी लसूण सोलायला. माहेरच्या गोष्टी निघायच्या, भांडणं मिटायची. कुत्र्याच्या अंगावरून हात कसा फिरवायचा, हे बनू तिथं बघून शिकली.

शेजारच्या कोपीत छगन नावाचा एकटा माणूस राहायचा. बायको बाळंतपणात गेलेली, लेकरू नाही. आपल्या भाकरीचा पहिला तुकडा तो भुऱ्याला टाकायचा. एका वर्षी गोचीड लई झाली. भुऱ्या अंग घासून घासून रक्तबंबाळ झाला, तेव्हा छगनला राहवेना. एका मळेकऱ्याकडून त्यानं पिकावर मारायची पूड मागून आणली, तेलात कालवली आणि भुऱ्याला मांडीत घेऊन, लेकराला तेल लावावं तसं सगळ्या अंगाला चोळली. गोचीड पटापटा गळाली. तळावरची माणसं बघायला आली. छगन किती दिवसांनी हसला होता.

कुत्रं मात्र अंग चाटतंच. दुसऱ्या दिवशी फडात झोळीखाली भुऱ्याच्या तोंडाला फेस आला. पाय थरथरू लागले. तशातही तो झोळीपासून हलला नाही. आईनं पाणी पाजलं, ताक पाजलं. उन्हं कलायच्या आत तो गेला. छगन त्या दिवशी जेवला नाही, पुढच्या दिवशीही नाही. त्याला कुणीच काही बोललं नाही. बोलण्यासारखं काय होतं? त्यानं माया केली होती. आईनं बनूच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बने, आवशीद म्हंजी इखच आस्तंय बाई. आपले हातच बरे."

ते बनूच्या मनात तसंच बसलं.

नवरात्राच्या सुमाराला मंगूनं भाकरी सोडली. आधी बनुबाईला वाटलं, उन्हाचं असेल. मग ती दुधालाही तोंड लावेना. सकाळी बनुबाई पडवीत बसली तर मंगू उठून मांडीशी आलीच नाही. कोपऱ्यातूनच शेपूट एकदा हलवलं आणि डोळे मिटले. बनुबाईनं तिचा ओठ वर केला. एरवी गुलाबी असणाऱ्या हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं.

"अवं, टेम्पो काडा," ती म्हणाली.

कर्जतला जनावरांच्या डॉक्टर होत्या, स्नेहल नावाच्या. वय तिशीच्या आतबाहेर, बोलणं शांत. त्यांनी मंगूला तपासलं, रक्त घेतलं आणि काचपट्टी बघून आल्या.

"गोचीड ताप आहे. रक्त कमी झालंय. पण तुम्ही वेळेवर आणलीत. गोळ्या बरेच दिवस द्याव्या लागतील, मध्येच सोडायच्या नाहीत."

"गोचीड तर मी रोज येचते, म्याडम. एक दिस खाडा न्हाई."

"दिसतंय ते. इतकी निगा कमी कुत्र्यांची असते, मावशी. पण बोटांना लागते ती फुगलेली. बारीक पिल्लं लागत नाहीत. त्यातनं एखादीनंही ताप दिला की झालं. वेचणं सोडू नका, पण नुसत्या वेचण्यानं हे थांबायचं नाही. बरी झाली की औषधी शाम्पू लावावा लागेल."

बनुबाई मंगूच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग ती म्हणाली, "आमचं एक कुत्रं तसंच गेलं. आवशीद लावलं आन् गेलं."

सहादेवनं चमकून तिच्याकडं पाहिलं. डॉक्टरांनी हातातलं काम ठेवलं आणि स्टूल ओढून बसल्या.

"काय लावलं होतं?"

"पिकाची पूड. तेलात. ल्हानपनी, ऊसतोडीच्या तळावर, शेजारच्या मानसानं."

"मग त्यानं चाटली असणार."

"व्हय. चाटली."

"पिकाचं औषध पिकासाठी, मावशी. गाईचं गाईसाठी. गाईसाठीचं औषध अंदाजानं कालवून कुत्र्याला पुसणंही मी कुणाला सांगत नाही. कुत्र्याचं निराळं असतं, त्याच्या कातडीला सोसेल इतकंच. ज्यानं लावलं त्याला तेव्हा हे कोण सांगणार होतं? त्या तळावर कुत्र्याचं औषध तरी कुठून मिळणार?"

"लई माया करायचा तो भुऱ्यावर," बनुबाई म्हणाली. छगनची बाजू तिनं कुणापुढं मांडली ती आयुष्यात पहिल्यांदाच.

शाम्पू निवडायला डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले. मंगू गाभण आहे का? नाही. पिल्लं पाजतेय का? नाही. अंगावर उघडी जखम? मानेवर एक होती, भरत आलेली. घरात आणखी कोण जनावर?

"गाया हायत. आन् मांजर, चिंगी. ती हिच्या पोटाशीच निजती."

डॉक्टरांनी फळीवरून काढलेली बाटली पुन्हा जागेवर ठेवली. "मग ही नको. ह्यातलं औषध कुत्र्याला चालतं, पण मांजराला ते विष आहे. ओल्या अंगाला घासलं तरी मांजर जायचं."

बनुबाईनं मान हलवली. औषध हातात घेणारं माणूस ते परत ठेवतंय, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं. तिथं तिला पहिल्यांदा जरा धीर आला.

"झाडपाल्याचा न्हाई का एखादा?" सहादेवनं विचारलं. "कडूलिंबाचा, करंजाचा?"

"आहेत. थोडी गोचीड असेल तर ठीक. इतकी असल्यावर त्यानं भागत नाही. आणि झाडपाल्याचं आहे म्हणून डोळे झाकून लावावं, असंही नसतं. काहींनी कातडी भाजते." त्यांनी दुसरी बाटली काढली. "हा घ्या, ह्यात ते मांजराचं विष नाही. ह्याच्यावर कुत्र्याचं चित्र आहे, वजन दिलंय, किती वयाच्या पुढं ते दिलंय, मुदत आहे. ज्या बाटलीवर हे लिहिलेलं नसेल, ती कुणी फुकट दिली तरी घ्यायची नाही."

"मला वाचता येत न्हाई, म्याडम."

"मग मी वाचते, तुम्ही ऐका."

आणि त्यांनी बाटलीवरचं सगळं मराठीत करून वाचून दाखवलं. बनुबाईनं मध्येमध्ये थांबवून विचारलं. डोळ्यात गेलं तर? भरपूर पाण्यानं धुवायचं आणि फोन करायचा. चाटलं तर? अंग धुऊन होईपर्यंत चाटू द्यायचंच नाही. थरथरली, लाळ गळाली तर? ताबडतोब धुऊन काढायचं आणि तडक इकडं यायचं. "ताप उतरून ती खायला लागल्याशिवाय लावू नका. आजारी अंगाला आंघोळ नको," डॉक्टर शेवटी म्हणाल्या.

परतीच्या वाटेवर टेम्पोत मंगू बनुबाईच्या मांडीवर निजली. मग सहादेव म्हणाला, "भुऱ्या कोन?"

"सांगन," ती म्हणाली.

मंगू हळूहळू सावरली. आधी पेज प्याली, मग दुधात कुस्करलेली भाकरी, आणि एक दिवस आप्पासाहेबांच्या कोंबड्यांमागं धावली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, आता लावा. तरीही बाटली कोनाड्यात पडूनच राहिली. आज ढग आलेत, आज वारं सुटलंय, आज गाय व्यायला झालीय. सहादेव बघत होता.

मग एका लख्ख उन्हाच्या सकाळी बनुबाईनं चिंगीला खोलीत कोंडलं, पाणी कोमट केलं आणि अंगणात बसली. मंगूला हाक मारायच्या आधी तिनं शाम्पूचे चार थेंब आपल्या मनगटाच्या वर घेतले, पाण्यानं चोळले, फेस केला आणि त्याच्याकडं बघत बसली.

"हे काय करतीस?" सहादेव म्हणाला. "तू का कुत्री हायस?"

"बसा गप."

कातडी लाल झाली नाही, चुरचुरली नाही. तिनं हात धुतला. पण मंगूला हाक मारवेना. शेवटी सहादेव खाटेवरून उठला, डॉक्टरांनी दिलेले हातमोजे तिच्यापुढं धरले आणि मंगूचा पट्टा आपण धरून उभा राहिला. "चल. मी धरतो."

आधी मानेभोवती फेस लावायचा, म्हणजे गोचीड तोंडाकडं पळत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या. तिनं भरत आलेली जखम सोडून मानेभोवती कडं केलं, मग पाठ, पोट, बगला, शेपटीचं मूळ. मंगूला वाटलं रोजचंच वेचणं चाललंय. ती शहाण्यासारखी उभी राहिली. आता दहा मिनिटं फेस तसाच ठेवायचा होता, आणि तिला चाटू द्यायचं नव्हतं. बनुबाईनं हातमोजे काढले आणि तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. मंगू तिच्या डोळ्यांत बघायला लागली.

तसं बनुबाई बोलायला लागली. सहादेवशी की कुत्रीशी, ते तिचं तिलाही कळलं नसावं. गाडीखालची सावली सांगितली, झोळी सांगितली, लुगडं ओढणारे दात सांगितले. खापरातला विस्तव आणि भोवती बसणाऱ्या बाया. छगनची हसरी मुद्रा, आणि मग न जेवलेला छगन. सहादेवनं पट्टा सैल सोडला नाही, पण त्याची मान खाली गेली. ह्या बाईच्या हातची भाकरी खाता खाता त्याचे केस पिकले, आणि हे सगळं ती एकटीच घेऊन बसली होती.

"मला कधी बोलली न्हाईस," तो म्हणाला.

"कुत्र्याचं काय बोलायचं, आसं वाटायचं. लोकांची मानसं जात्यात."

"झाली दहा मिन्टं. व्हय बाजूला, पानी वततो."

पाण्याबरोबर गोचीड वाहून आली. मोठ्या, फुगलेल्या, आणि बोटांना कधीच न लागलेल्या तिळाएवढ्या कितीतरी. बनुबाई वाकून बघत राहिली. डॉक्टरांचं म्हणणं आता तिला नीट उमजलं. फेसाचा एक थेंब राहिला नाही अशी खात्री होईपर्यंत तिनं धुतलं. मंगूनं अंग झाडलं आणि सहादेव नखशिखांत भिजला.

त्या दुपारी बनुबाई जेवली नाही. मंगू उन्हात वाळत पडली होती आणि ही तिच्या तोंडाकडं बघत बसली होती. दर थोड्या वेळानं ओठ वर करून बघायची. मंगू वैतागली, उठून दुसरीकडं निजली, ही तिथं गेली. उन्हं उतरली, गाईंनी हंबरायला सुरुवात केली. मंगूनं आळस दिला आणि रिकाम्या ताटलीजवळ जाऊन उभी राहिली. बनुबाईनं तिला भाकरी दिली आणि तिथंच खाली बसून, पदर तोंडाला लावून रडली. सहादेवनं त्या दिवशी धारा आपणच काढल्या.

नुसत्या आंघोळीनं भागणारं नव्हतंच. अंडी गोठ्याच्या भेगांत. गाईंना डॉक्टरांच्या हातून त्यांचं त्यांचं औषध झालं, भिंतींच्या भेगा लिंपल्या, चुना मारला, मंगूचं गोणपाट जाळून नवं घातलं. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी पुन्हा आंघोळ झाली. वेचायची बैठक मात्र बनुबाईनं मोडली नाही. लागायचं काही नाही, तरी सकाळी मंगू मान टाकायची आणि बोटं फिरायची.

तिनं पुंजारामला जामखेडला फोन केला. "भुऱ्या आठीवतो का रं?"

"मला कुटून? मी झोळीत हुतो. पर आई सांगायची, माज्या तोंडावर त्यानं माशी बसू दिली न्हाई. त्यो कंच्या रंगाचा हुता गं, आक्का?"

"मातकट," ती म्हणाली. "आपल्या रानातल्या ढेकळासारका." दोघंही मग किती वेळ भुऱ्याबद्दलच बोलत राहिली.

दिवाळीनंतर संगमनेरला सहादेवच्या भाचीचा साखरपुडा होता. तो उरकून परतताना सहादेवनं न विचारताच टेम्पो प्रवरेच्या काठाला वळवला. मंगू मधल्या सीटवर. तळाची जागा काही सापडली नाही. बाभळी गेल्या होत्या, तिथं प्लॉट पडले होते, घरं उठली होती. पण पलीकडं ऊस तसाच उभा होता, आणि फडाच्या कडेला तोडकऱ्यांच्या कोप्या पडल्या होत्या. वर पाचटाऐवजी निळा कागद. बैलगाड्यांच्या जागी ट्रॅक्टर. गोड वास मात्र तोच.

एका कोपीपुढं एक बाई चूल पेटवत होती. तिच्याजवळ एक काळं कुत्रं कान खाजवत होतं. मंगू उतरून त्याच्याकडं गेली. दोघांनी एकमेकांना हुंगलं.

"कुटल्या तुमी, आत्या?" बाईनं विचारलं.

"जामखेडची. आमीबी हितंच यायचो तोडीला."

"मंग बसा की. च्या टाकते." ती मंगूकडं बघून म्हणाली, "तुमचं कुत्रं किती सोच्छ हाय. आमचं बघा, गोचिडीनं खाल्लंय नुसतं. आमचे मालक म्हनत्यात, फवारनीचं आवशीद लावावं."

"लावू नगंस, बाई," बनुबाई म्हणाली. ती चुलीपाशी मांडी घालून बसली, काळ्या कुत्र्याला पुढ्यात ओढलं आणि त्याच्या कानामागं बोटं घातली. "आदी मला सांग, तुज्या कोपीत मांजर हाय का?"

सहादेवनं टेम्पोचं इंजिन बंद केलं आणि तोही चहाला खाली उतरला.